बेचाळीस बाय सत्तावीस: दापोलीकडच्या एका जुन्या घराचं लेझर मीटरने घेतलेलं माप

घर 42 बाय 27 फूट. हा आकडा घरात लहानथोरांना पाठ होता आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर, नमुना 8 वरही साधारण तोच होता. हर्णै-आंजर्ले पट्ट्यातलं गाव, चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, दुपाखी कौलारू छप्पर, पुढे पडवी, आत ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा. नोकरी संपवून मुंबईहून कायमचे गावी आलेले काका या घराचं छप्पर उतरवून लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, घालायच्या विचारात होते. वर पुन्हा कौलंच घालायची होती. पत्र्याखाली मे महिन्यात झोपायचं नाही, यावर काकू ठाम होत्या. खेडच्या फॅब्रिकेटरला काकांनी फोनवर हाच आकडा सांगितला. त्याने 42 गुणिले 27 केलं, 1134 चौरस फुटांना दर लावला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं.

प्रत्यक्षात छप्पर निघालं 1785 चौरस फुटांचं. कोटेशनच्या दीडपटीहून जास्त.

यात कोणी कोणाला फसवत नव्हतं. 42 बाय 27 हे घराचं आतलं माप, तेही वरच्या फुटात धरलेलं. भिंतींची जाडी त्यात नव्हती, छपराचा उतार नव्हता, वळचणीला बाहेर येणारा भाग नव्हता. पण हे कागदावर सुटं करून दाखवायला घर नीट मोजणं भाग होतं आणि ते काम आमच्याकडे आलं. शिमगा उरकला होता, मृगाच्या आत घरावर कौलं चढायला हवी होती.

छपराचं दुखणं जुनं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा दापोली-मंडणगडला जे झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. या घराची मागची पाखी, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, उघडी पडली होती. त्या धामधुमीत मिळतील ती कौलं, मिळेल तो सुतार, असं करून ती झाकली. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि पुन्हा कौलं सरकली. तेव्हापासून मागच्या भिंतीच्या मध्यावर गळत होतं आणि दर पावसाळ्यात तिथे माळ्यावर घमेलं ठेवलं जात होतं. हे घमेलं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

यंत्र आणि सूत

लेझर मीटर, म्हणजे समोर लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं हातातलं यंत्र, आता स्वस्तात मिळतो. हातात धरून वापरायचं पहिलं यंत्र लायका कंपनीने 1993 मध्ये डिस्टो या नावाने आणलं. तेव्हा ती मोठ्या कंपन्यांची चैन होती, आज टाइल्स बसवणाऱ्याच्याही खिशात असतो. बहुतेक साध्या यंत्रांचा दावा दीड ते दोन मिलिमीटर अचूकतेचा असतो. आमच्याकडचे सुतार इंचाचे आठ भाग करून सुतात बोलतात आणि एक सूत म्हणजे 3.175 मिलिमीटर. म्हणजे यंत्राची चूक अर्ध्या सुताच्या आसपास. जुन्या घराच्या कामाला याहून बारीक काही लागत नाही. खरं सांगायचं तर एवढंही लागत नाही.

मग टेप का नाही? टेपने साडेबारा मीटर मोजायला दोन माणसं लागतात, मधे टेप झोळ खाते, आणि माळ्यावरच्या अडगळीतून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी टेप न्यायची तर निम्मा दिवस जातो. म्हणून कर्ण कोणी घेत नाही. चार भिंती मोजल्या की घर मोजलं, असं समजतात. लेझरने एकटा माणूस उभ्या उभ्या कर्ण घेतो. माझ्या मते या यंत्राचा खरा फायदा तो आहे. जी मापं पूर्वी कंटाळ्यापोटी टाळली जायची, ती फुकटात मिळतात.

सुरुवात कागदाने केली. माळ्याचा कच्चा नकाशा काढला, चारही कोपऱ्यांना अ, ब, क, ड नावं दिली आणि खडूने भिंतींवर तीच अक्षरं लिहिली. अ नैर्ऋत्येला, ब वायव्येला, म्हणजे अ-ब ही समुद्राकडची, पडवीच्या बाजूची भिंत. ही अक्षरं नसली तर संध्याकाळी वहीत आकडे असतात, पण कुठला आकडा कुठल्या भिंतीचा ते आठवत नाही.

दुसरं, ताळा. हे यंत्र माप कुठून धरतं ते बदलता येतं: मागच्या कडेपासून, पुढच्या कडेपासून, काहींत कोपऱ्यासाठी उघडणाऱ्या पिनेपासून. हातातल्या हातात चुकून एक बटण दाबलं गेलं की त्यानंतरचं प्रत्येक माप यंत्राच्या लांबीइतकं, म्हणजे दहा-बारा सेंटीमीटरनी चुकतं. आणि आकडा पडद्यावर इतका ठाम दिसतो की शंकाही येत नाही. म्हणून माजघराच्या दाराची रुंदी टेपने मोजून चौकटीवर लिहून ठेवली होती. जेवणानंतर, चहानंतर, यंत्र कोणी दुसऱ्याने हाताळल्यावर आधी ते दार मोजायचं आणि मग पुढे जायचं.

सहा मापं

भिंतींच्या माथ्याशी, आतल्या अंगाने, ही मापं मिळाली:

अ-ब (पश्चिम) 12.62 मीटर
ड-क (पूर्व) 12.58 मीटर
अ-ड (दक्षिण) 8.07 मीटर
ब-क (उत्तर) 8.11 मीटर
कर्ण अ-क 15.07 मीटर
कर्ण ब-ड 14.87 मीटर

नुसत्या चार बाजू पाहिल्या तर घर अगदी सरळ वाटतं. समोरासमोरच्या भिंतींत चार सेंटीमीटरचा फरक, म्हणजे चिऱ्याच्या घराला शाबासकी द्यावी असा. पण दोन कर्णांत 20 सेंटीमीटरचा फरक आहे. घर गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. मागची भिंत पुढच्या भिंतीच्या मानाने उत्तरेकडे सरकलेली आहे, दक्षिण टोकाला 13 आणि उत्तर टोकाला 8 सेंटीमीटर. बांधतानाच तसं झालेलं, कारण पाया आणि जोतंही त्याच रेषेत आहे. दोरी धरणाऱ्याने पहिला कोपरा डोळ्याने लावला असणार.

सहा मापांतली पाच चौकोन पक्का करायला पुरतात. सहावं ताळ्यासाठी. बाकीच्या पाचांवरून ड-क काढलं तर 12.572 येतं, यंत्राने 12.58 दाखवलं. आठ मिलिमीटरचा फरक. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, ठिपका एखाद्या भोकात पडला की पाच-सहा मिलिमीटर सहज वाढतात. तेव्हा हा फरक भिंतीचा, यंत्राचा नव्हे. उलट मागच्या भिंतीपासून आम्ही कोपऱ्यांवर पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरायला लागलो. ठिपका सपाट जागी पडतो आणि दिसतोही चांगला.

लांब मापात यंत्र किंचित तिरकं धरलं तर काय होतं, हेही तिथेच काकांना करून दाखवलं. 12.62 मीटरच्या भिंतीला एक अंश तिरपेपणाने दोन मिलिमीटर वाढतात, दोन अंशांनी आठ, पाच अंशांनी जवळजवळ पाच सेंटीमीटर. म्हणून समोरच्या भिंतीवर काटकोनात माप हवं असेल तेव्हा यंत्र सलग मोजण्यावर ठेवायचं, हळूहळू डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरवायचं, आणि सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. कर्णाला ही युक्ती चालत नाही. तिथे कोपरा म्हणजे कोपरा.

माळ्यावर

छपराखाली काळोख असल्यामुळे लाल ठिपका लख्ख दिसतो, पण उन्हाळ्यात दुपारी कौलांखालचा उष्मा यंत्राला सोसत नाही. बऱ्याच साध्या यंत्रांची कामाची मर्यादा 40 अंशांपर्यंत असते. अकरा वाजल्यानंतर आमचं यंत्र आकड्याऐवजी तापमानाची खूण दाखवू लागलं. तेव्हा माळ्याची मापं सकाळी, ओटीवरची दुपारी आणि बाहेरची तिन्हीसांजेला, अशी वाटणी केली. भर उन्हात खळ्यात ठिपका चार-पाच हातांवरही शोधून सापडत नाही. गाडीतल्या एसीतून यंत्र थेट दमट हवेत आणलं की काचेवर बाष्प धरतं, तेही या किनाऱ्यावर रोजचंच. दहा मिनिटं पिशवीत राहू द्यावं.

पाच कैच्या येणार होत्या, सव्वादोन मीटरच्या आत एक. दोन टोकांना त्रिकोणी भिंती होत्याच. प्रत्येक कैचीच्या जागी आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर वेगळं घेतलं. हे फॅब्रिकेटरला पटत नव्हतं. "साहेब, दोन टोकांची मापं दिली की झालं, मधे काय बदलणार आहे?" मधे बदललं होतं. दक्षिणेकडून उत्तरेकडे: 8.08, 8.09, 8.15, 8.11, 8.10. दोन्ही टोकं 8.07 आणि 8.11 आहेत, तर मध्यावर 8.09 यायला हवं होतं. तिथे सहा सेंटीमीटर जास्त.

मग आढ्याकडे, छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाकडे, पाहिलं. माळ्याच्या फळ्या झोळ आलेल्या, त्यांच्यावरून उंची घेण्यात अर्थ नव्हता. पाण्याची लेव्हल नळी फिरवून सगळ्या खांबांवर भिंतीच्या माथ्याची एक रेष मारली आणि त्या रेषेपासून आढ्यापर्यंतची उंची घेतली. यंत्र अगदी उभं हवं म्हणून आढ्यावरून ओळंबा सोडला आणि दोरीच्या कडेने ठिपका वर नेला. दक्षिणेला 2.40, उत्तरेला 2.41 मीटर. मध्यावर 2.34.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की घर बोलायला लागतं. वाशांची लांबी बदलत नाही. त्यांचे पाय बाहेर फाकले की डोकं खाली येणारच. मध्यावर भिंतीच्या मध्यापासून आढ्याखालपर्यंतचं आडवं अंतर 4.27 वरून 4.30 झालं, तर 2.40 ची उंची हिशोबाने 2.35 वर यायला हवी. प्रत्यक्षात 2.34 होती. म्हणजे आढं जुनं झालं म्हणून वाकलं असं नाही. भिंत ढकलली गेली आणि आढं तिच्या मागोमाग खाली आलं.

कुठली भिंत, हे दोरीने कळलं. पश्चिमेच्या भिंतीला टोकापासून टोकापर्यंत दोरी लावली तर मध्यावर एक सेंटीमीटरचा फुगवटा, पूर्वेच्या भिंतीला पाच. आणि पूर्वेच्या भिंतीचा मध्य म्हणजे घमेल्याची जागा. सुतारदादांनी तिथल्या तुळईच्या डोक्यात पटाशी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेरून लाकूड शाबूत, आतून भुगा. तीन-चार पावसाळे पाणी त्याच जागी मुरत होतं. दोन भिंतींना धरून ठेवणारी तुळई एका टोकाला सुटली आणि वाशांचा सगळा रेटा भिंतीवर आला.

काकांना वाटत होतं छप्पर बदललं की झालं. आता भिंतीचाही प्रश्न होता. स्ट्रक्चरल इंजिनीयरला बोलावलं. त्यांनी भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी आरसीसीचा पट्टा घालायला सांगितला आणि प्रत्येक कैची त्यात गाडलेल्या बोल्टांना आवळायला सांगितली. वादळाचा वारा छप्पर नुसतं दाबत नाही, उचलतोही. नुसती भिंतीवर टेकवलेली कैची त्याला थोपवत नाही.

कैच्या एकसारख्याच केल्या

पाच जागी पाच मापं निघाली म्हणून पाच वेगळ्या कैच्या करायच्या का? फॅब्रिकेटरला हीच भीती होती. एकाच साच्यावर पाच कैच्या वेल्ड करणं आणि पाच वेगळे साचे मांडणं यात खर्चाचा मोठा फरक पडतो. पण त्याची गरज नव्हती. भिंत 45 सेंटीमीटर जाडीची आहे, मध्यावरच्या सहा-सात सेंटीमीटरने टेकणीला काही होत नाही. सगळ्या कैच्या मध्यापासून मध्यापर्यंत 8.52 मीटरच्या, एकाच साच्यावरच्या. बोल्ट मात्र भिंतीच्या कडेपासून मोजायचे नाहीत. दोन टोकांमध्ये ताणलेल्या दोरीवरून घ्यायचे. भिंत वाकडी असली तरी बोल्टांची रांग सरळ. मापं जास्त घेतली म्हणून काम वाढलं नाही, उलट कुठला वाकडेपणा सोडून देता येतो ते कळलं.

गुण्यातून गेलेल्या चौकोनाचं काय करायचं, हा खरा विचाराचा भाग होता. छप्पर काटकोनातच बसवावं लागतं, नाहीतर कौलांच्या ओळी एका टोकाला कापत न्याव्या लागतात आणि कापलेलं कौल गळतं. काटकोनी छप्पर तिरप्या घरावर ठेवलं की कुठेतरी ते जास्त बाहेर येतं, कुठेतरी कमी. आम्ही ते समुद्राकडच्या भिंतीला समांतर ठेवलं. त्यामुळे दोन्ही बाजूंना पुढच्या टोकाशी 45 सेंटीमीटरची झाप, म्हणजे त्रिकोणी भिंतीबाहेर येणारा छपराचा भाग, मिळाली. मागे आग्नेयेला ती 58 झाली आणि ईशान्येला 37. पाऊस इथे नैर्ऋत्येकडून मारतो, ईशान्येचा कोपरा सगळ्यात कोरडा. कमीपणा तिथे ढकलला. अंगणात उभं राहून पाहणाऱ्याला पुढची रेषा सरळ दिसते, ते वेगळंच.

आढ्याची उंची यंत्रातल्या पायथागोरसच्या बटणाने, म्हणजे तिरपं आणि आडवं माप देऊन उभं काढणाऱ्या सोयीने, काढू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. दोन मापं घेऊन तिसरं काढताना चूक वाढते. या छपरात तिरप्या मापात पाच मिलिमीटर चुकले तर काढलेल्या उंचीत दहा चुकतात. हात पोचत नाही अशा ठिकाणी, समोरच्या इमारतीची उंची वगैरे, ते बटण ठीक. आढ्याखाली उभं राहता येत असेल तर सरळ उंची घ्यावी. इथे जुनाच उतार ठेवला: आडवं 4.26, उभं 2.40, तिरपं 4.89. भिंतीच्या मध्यापासून पाऊण मीटर वळचण धरली की एक पाखं 5.75 मीटरचं होतं. लांबी भिंती आणि दोन्ही झापा धरून 14.42. दोन पाख्यांचे मिळून 165.8 चौरस मीटर, म्हणजे ते 1785 चौरस फूट. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात, तेव्हा अडीच हजारांच्या आसपास, वर फूटतूट. जुनी उतरवलेली कौलं ठोकून आवाजावरून निवडायचं काम सुतारदादांनी घेतलं. खणखणीत वाजतात ती ठेवायची, बद्द वाजतात ती अंगणात.

फॅब्रिकेटरला नकाशा मिलिमीटरमध्ये दिला. सुतारदादांना रिपांची यादी इंच-सुतात. यंत्र दोन्ही दाखवतं, पण एकाच कागदावर दोन्ही पद्धती लिहिल्या की कोणीतरी चुकीचा आकडा उचलतो. दोन माणसांना दोन कागद.

मोजायला आलाच आहात तर

यंत्र दिसलं की गावात माणसं जमतात. काकूंनी विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते विचारलं. पाण्यावर ठिपका टिकत नाही, बहुतेक प्रकाश आत जातो, थोडा भलतीकडे परततो, आकडा येतो तो भरवशाचा नसतो. थर्मोकोलचा तुकडा पाण्यावर सोडला आणि त्याच्यावर माप घेतलं, ते बरोबर आलं. पोरं एकमेकांच्या तोंडावर लाल ठिपका पाडायला लागली, तेव्हा यंत्र खिशात गेलं. दुसऱ्या वर्गाचा, एका मिलिवॉटच्या आतला लेझर आहे, डोळा मिटतो म्हणून सहसा इजा होत नाही, पण टक लावून पाहायची ती वस्तू नव्हे.

शेजारचे भाऊबंद संध्याकाळी आले. "एवढा गडगा तेवढा मोजून द्या. किती आत सरकलाय बघू." याला मी साफ नाही म्हणतो. गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, घरापर्यंतचं अंतर यंत्र मिलिमीटरमध्ये सांगेल, पण गडगा कुठे असायला हवा हे त्याला माहीत नाही. ते भूमी अभिलेखवाल्यांच्या मोजणीत ठरतं. तिथे अर्ज करायचा, फी भरायची, सगळ्या हिस्सेदारांना नोटीस जायची. आमच्या वहीतला आकडा एकदा कोणाच्या हाती गेला की तो पुरावा म्हणून वाडीत फिरतो. भाऊबंद थोडे नाराज होऊन चहा घेऊन गेले.

पट्टा भरून कैच्या चढल्या त्या मेच्या अखेरीस. बोल्टांच्या भोकांना फॅब्रिकेटरने दोन्ही बाजूंना थोडी लांबट जागा ठेवली होती, ती एका कैचीला कामी आली. कौलं चढवून पाख्यांची लांबी पुन्हा मोजली तर 14.42 ऐवजी 14.36 भरली, कारण शेवटची ओळ अख्ख्या कौलावर संपवली. पन्हळ म्हणूनच आधी मागवली नव्हती. तोवर पाऊस लागला आणि पत्रेवाल्याने गणपतीनंतरची तारीख दिली. यंदा पागोळ्या अंगणातच पडताहेत. काकूंनी त्यांच्याखाली पिंपं लावली आहेत.